पिंजऱ्यातला नर, शिवारातली मादी

डासांविषयी वऱ्हाडात जे काही बोललं जातं ते सगळं मादीविषयी असतं. चावते ती मादी, हिवताप देते ती मादी, डेंग्यू आणि चिकनगुनिया घरात आणते तीही मादीच. कूलरच्या टाकीत अंडी घालून जाते ती आणि पहाटे कानाशी गुणगुणते तीही. नर कुणाला चावत नाही. फुलातला नाहीतर झाडाच्या चिरेतला गोड रस पिऊन तो थोडे दिवस जगतो आणि मरतो. आरोग्य सेवक घरोघर फिरून अळ्या मोजतात, किती घरांत आणि किती भांड्यांत सापडल्या याचे निर्देशांक काढतात, गोठ्यात बसलेल्या माद्या नळीने ओढून घेतात. या मोजदादीत नराला जवळपास जागाच नसते. डासांच्या संगाविषयीच्या या पुस्तकाने त्या नराला मधोमध आणून बसवलं आहे, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं.

कारण साधं आहे. वऱ्हाडात आपल्याला त्रास देणाऱ्या डासांची मादी नराशी संग झाल्याशिवाय फळणारी अंडी घालत नाही, आणि बहुतेक माद्या आयुष्यात एकदाच संग करतात. त्या एका भेटीतलं शुक्र ती पोटातल्या छोट्या कोशात साठवते आणि पुढच्या प्रत्येक खेपेच्या अंड्यांना तेच पुरवते. डासांच्या सगळ्या जीवनचक्रात इतकी अरुंद, इतकी नेमकी जागा दुसरी नाही. अळी मारायची तर हजार भांडी उपडी करावी लागतात. प्रौढ मादी मारायची तर औषध फवारावं लागतं, आणि काही वर्षांत ती त्या औषधाला दाद देईनाशी होते. संगाची ती एक भेट चुकवता आली, किंवा वांझ नराशी घडवून आणता आली, तर पुढचं सगळं आपोआप थांबतं. हा विचार सत्तर वर्षांहून जुना आहे. तो प्रत्यक्षात आणताना अडचण आली ती प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात, आणि हे पुस्तक त्या पिंजऱ्याचं आहे.

आधी आपल्या भागाविषयी थोडं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णेचा खारपाणपट्टा जातो. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते खारं. त्यामुळे गोड्या पाण्यासाठी नळयोजना नाहीतर टँकर, आणि नळ रोज येत नाही. मग घरोघर रांजण, सिमेंटची टाकी, प्लास्टिकचे ड्रम, न्हाणीघरातला हौद हे सगळं भरून ठेवावं लागतं. त्यावर उन्हाळा असा की अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि घरोघरचे कूलर मार्चपासून चालू होतात. कूलर बंद झाला तरी त्याच्या तळाशी वीतभर पाणी राहतं. एडिस इजिप्ती या डासाला आणखी काय हवं? त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं सांगून सांगून आरोग्य खातं थकलं. पण पाणीच पाच-सहा दिवसांनी येत असेल तर भरलेला ड्रम ओतून द्यायचा कुणी, हा गृहिणीचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर पत्रकात नसतं.

शहरांच्या उघड्या नाल्यांत आणि शोषखड्ड्यांत क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस वाढतो. हा हत्तीरोगाचा वाहक. वर मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला, ओढ्याच्या डबक्यांत आणि झऱ्याच्या काठी अ‍ॅनॉफिलिस गटातले डास असतात. ग्रामीण भारतातला हिवताप मुख्यतः ज्याच्या माथी जातो तो अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफॅसिस त्यातलाच. हे तीन डास तीन प्रकारच्या पाण्यात वाढतात हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. ते तीन वेगवेगळ्या रीतींनी जोडीदार शोधतात हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

एडिस घ्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाळायला तो सगळ्यांत सोपा. फूटभर लांब-रुंद-उंच चौकोनी पिंजरा, भोवती मलमल, एका बाजूला हात घालायला कापडी बाही, आत साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा किंवा दोन-चार ओले मनुके. कोष पाण्याच्या वाटीत ठेवले की नर आधी बाहेर पडतात. नराचा कोष मादीच्या कोषापेक्षा लहान असतो, त्यामुळे सरावलेला डोळा वाटीतच दोघांना वेगळं काढतो. नुकताच बाहेर आलेला नर संगाच्या कामाचा नसतो. त्याच्या पोटाचं शेवटचं टोक, म्हणजे मादीला पकडायचे चिमटे असलेला भाग, साधारण पहिल्या दिवसभरात स्वतःभोवती अर्धा फेरा फिरून उलटा होतो. हा फेरा पूर्ण होईपर्यंत त्याला मादी पकडताच येत नाही. विद्यार्थ्यांनी भिंगाखाली दर दोन-तीन तासांनी एकेक नर पाहिला तर ते टोक फिरताना टप्प्याटप्प्याने दिसतं. एखाद्या प्राण्याचं अंग वयात येताना डोळ्यांदेखत असं वळतं याचं उदाहरण इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही.

मग त्या पिंजऱ्यात मादी सोडा. ती जाळीवर स्वस्थ बसली असेल तर नर तिच्याजवळून जातात आणि तिची दखलही घेत नाहीत. ती उडाली की क्षणात दोन-तीन नर तिच्या मागे. एक जण तिला हवेतच पायांनी धरतो, खालून पोटाला पोट लावतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं आटोपतं. बसलेल्या आणि उडणाऱ्या मादीत नराच्या दृष्टीने फरक एकच आहे, तो म्हणजे पंखांचा आवाज.

हा आवाजाचा शोध लागला त्याची हकिगत या पुस्तकात आली आहे, पण ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १८५५ साली बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर जॉन्स्टन या डॉक्टरने डासाच्या मिशीच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीचं वर्णन केलं आणि हे ऐकण्याचं इंद्रिय असावं असं म्हटलं. त्या गाठीला आज त्याचंच नाव आहे. १८७४ मध्ये आल्फ्रेड मेयर या भौतिकशास्त्रज्ञाने नर डास काचपट्टीवर चिकटवून समोर स्वरकाटे वाजवले. सेकंदाला ५१२ कंपनं देणाऱ्या काट्यासमोर नराच्या मिशीवरचे केस सर्वांत जोरात थरथरले. त्यानंतर चार वर्षांनी हायरम मॅक्सिम, ज्याच्या नावाची मशीनगन पुढे जगभर गेली, न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा इथे एका हॉटेलात विजेचे दिवे बसवत होता. एका पेटीतून विशिष्ट गुणगुण येत असे आणि संध्याकाळी तिच्यावर डास जमत. जवळ जाऊन पाहिलं तर ते सगळेच्या सगळे नर, पिसांसारख्या मिशांचे. यंत्राचा सूर त्यांनी मादीचा सूर समजून घेतला होता. १९४८ मध्ये लुई रॉथ यांनी एडिस इजिप्तीवर सविस्तर प्रयोग करून यावर शिक्कामोर्तब केलं. स्वरकाटा कापडाला टेकवला तर नर त्या कापडाला पकडून संग करू पाहतात, हे त्यांनी दाखवलं.

पुढची पायरी आणखी विलक्षण आहे. एडिसची मादी सेकंदाला सुमारे ४०० वेळा पंख हलवते, नर सुमारे ६०० वेळा. २००९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नर-मादी जवळ आले की दोघंही आपला सूर किंचित बदलतात, आणि मादीच्या सुराची तिप्पट व नराच्या सुराची दुप्पट सुमारे १२०० वर जुळून येते. तोवर डासाला इतक्या वरचा स्वर ऐकूच येत नाही अशी समजूत होती. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने नरातलं ऐकण्याचं एकच जनुक बंद केलं. हे बहिरे नर माद्यांबरोबर एका पिंजऱ्यात दिवसचे दिवस राहिले आणि त्यांनी संग केला नाही.

संग झाला की नाही, हे मादीच्या वागण्यावरून ठरवू नये. ते पोटात पाहावं. बेशुद्ध केलेली मादी काचपट्टीवर मिठाच्या सौम्य द्रावणाच्या थेंबात ठेवायची, पोटाचं शेवटचं टोक सुईने हळूच ओढायचं. काळसर, गुळगुळीत, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक गोळ्या दिसतात, तेच शुक्राचे कोश. एडिस आणि क्युलेक्समध्ये तीन, अ‍ॅनॉफिलिसमध्ये एकच. वरून झाकणकाच ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कुमारिकेचा कोश रिकामा, पारदर्शक असतो. संग झालेल्या मादीच्या कोशात केसांसारखे धागे एका दिशेने गरगर फिरत असतात. हे चित्र एकदा पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही. एवढ्या एका कसोटीवर पुढची सगळी आकडेवारी उभी आहे. शंभर माद्या फोडल्या, त्यांत किती भरलेल्या निघाल्या, एवढंच मोजायचं असतं.

मादी दुसऱ्यांदा तयार का होत नाही, याचंही उत्तर नरापाशी आहे. जॉर्ज क्रेग यांनी १९६७ मध्ये दाखवलं की नराच्या सहायक ग्रंथींतला स्राव शुक्राबरोबर मादीत जातो आणि तिला पुढच्या संगाला नकार द्यायला लावतो. ग्रंथीचा अर्क सुईने कुमारिकेला टोचला तरी तीही नकार देते. अ‍ॅनॉफिलिसच्या काही जातींत तर नर संगानंतर मादीच्या मार्गात घट्ट बूच बसवून जातो.

इथवर एडिसचं झालं, आणि एडिस आपल्याला फसवतो. फूटभर पिंजऱ्यात तो सुखाने नांदतो म्हणून सगळे डास असेच असतील असं वाटू लागतं. एडिसला कोंडीचं वावडं नाही, कारण त्याची रीतच तशी आहे. नर माणसाच्या पायांभोवती घिरट्या घालत थांबतो आणि चावायला आलेली मादी तिथेच गाठतो. घरात, कॉटखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात त्याचं सगळं जमतं. अ‍ॅनॉफिलिसच्या बहुतेक जातींना मात्र आकाश लागतं. सूर्य मावळला की नर एखाद्या खुणेवर जमतात. ती खूण झुडपाचा शेंडा असेल, उकिरडा असेल, मोकळ्या जमिनीवरचा काळपट डाग असेल. त्या खुणेवर त्यांचा थवा वीस-तीस मिनिटं नाचतो. माद्या एकेकट्या त्यात शिरतात, जोडी थव्यातून निसटते, अंधार पडला की थवा विरून जातो. संध्याकाळी डोक्यावर जो थवा फिरताना आपण पाहतो तो दरवेळी डासांचा असतोच असं नाही. पाण्याकाठच्या न चावणाऱ्या बारीक माशाही असाच थवा करतात, आणि जाळीने चार-दोन पकडून सोंड पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

अ‍ॅनॉफिलिसच्या नराच्या मिशीवरचे केस दिवसभर मिटलेले असतात. संध्याकाळी ते ताठ उभे राहतात आणि तेव्हाच त्याला मादी ऐकू येते. एडिसचे केस सदैव उभे. या एका फरकात दोघांच्या पाळण्यातला सगळा फरक सामावलेला आहे. अ‍ॅनॉफिलिसच्या खोलीत दिवा खटकन बंद करून चालत नाही. अर्धा-पाऊण तास प्रकाश हळूहळू उतरवावा लागतो, पिंजरा मोठा लागतो, तळाशी काळं फडकं अंथरून खूण द्यावी लागते. एवढं करूनही काही जाती संग करतच नाहीत. माद्या रक्त पितात, अंडी घालतात आणि एकही अंडं फुटत नाही. अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी याला सुखद अपवाद आहे. मुंबईच्या विहिरी आणि टाक्यांतला हिवताप, ज्यावर बेंटली यांनी १९११ साली अहवाल लिहिला, तो याच डासाचा. तो पिंजऱ्यात सहज नांदतो, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. उलट आपल्या खेड्यांतला क्युलिसिफॅसिस हट्टी. प्रयोगशाळेने ज्याचा सर्वांत जास्त अभ्यास केला तो डास गावात रोग पसरवणारा डास असेलच असं नाही, हे इथे लक्षात घ्यावं.

क्युलिसिफॅसिसचे थवे, संग आणि अंडी घालण्याची रीत यांवर १९४२ साली पॉल रसेल आणि टी. रामचंद्र राव यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. काम तंजावर जिल्ह्यात झालं होतं. हेच रामचंद्र राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले, आणि भारतातल्या अ‍ॅनॉफिलिस डासांवरचा त्यांचा ग्रंथ आजही हाताशी लागतो. १९५२ साली सुरू झालेल्या त्या केंद्राला आपण आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. १९७३ च्या बार्शीच्या चिकनगुनिया साथीचा अभ्यास तिथल्याच लोकांनी केला. मला रावांच्या त्या तरुणपणच्या निबंधाचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. मैदानात उभं राहून, मावळतीच्या उजेडात, वर पाहत केलेलं ते काम आहे. त्याला यंत्र लागलं नाही. ऐंशी वर्षं झाली, अशा निरीक्षणाची परंपरा आपल्याकडे जेवढी रुजायला हवी होती तेवढी रुजली नाही.

जे डास पिंजऱ्यात संग करत नाहीत त्यांच्यासाठी हाताने संग घडवण्याची पद्धत आहे, आणि पुस्तकातलं तिचं प्रकरण मला सर्वांत चांगलं वाटलं. मादीला रक्त पाजून इथरने हलकेच बेशुद्ध करायचं आणि उताणी ठेवायची. नराला छातीच्या बाजूने बारीक टाचणीला टोचायचं आणि त्याचं डोकं छाटायचं. डोकं गेलं की पोटाच्या टोकावरचा मेंदूचा लगाम सुटतो आणि चिमटे आपणहून उघडमीट करू लागतात. नराचं टोक मादीच्या टोकाला योग्य कोनात टेकवलं की तो पकडतो, आणि संग पूर्ण होतो. एडिसच्या जवळच्या जातींवर हे १९५७ मध्ये जमलं, अ‍ॅनॉफिलिसवर बेकर, फ्रेंच आणि किट्झमिलर यांनी १९६२ मध्ये याची पद्धत बसवली. वाचताना अंगावर येतं, पण या हस्तकौशल्यावाचून कित्येक जातींच्या वसाहती उभ्याच राहिल्या नसत्या.

एक मोठा गुंता सुटायला याच पद्धतीची मदत झाली. क्युलिसिफॅसिस ही एक जात नसून दिसायला सारख्या पाच जातींचा समूह आहे. त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावं आहेत. १९८० च्या सुमारास गुणसूत्रांवरच्या पट्ट्यांवरून हे उलगडू लागलं. एकाच गोठ्यात, एकाच भिंतीवर ए आणि बी शेजारी शेजारी बसतात, पण त्यांची मिश्र संतती निसर्गात सापडत नाही. हाताने संग घडवला तर संतती होते, मात्र त्यातले नर वांझ निघतात. म्हणजे त्यांना वेगळं ठेवणारी रेषा आधी संगाच्या जागी आहे. ए रोग पसरवतो, बी जवळजवळ पसरवत नाही. मलेरियाच्या फवारणीला आलेल्या माणसाला भिंतीवर दोन्ही एकच दिसतात. ते डास मात्र एकमेकांना ओळखून असतात.

आता या पुस्तकाच्या मूळ मुद्द्याकडे येतो. गावातून आणलेल्या शंभर माद्यांची अंडी पिंजऱ्यात वाढवली, तर पहिल्या पिढीत थोडेच नर संग करतात. ज्यांना आकाश हवं ते तसेच मरतात. ज्यांना फूटभर जागा पुरली त्यांचीच पिल्लं पुढच्या पिढीत येतात. दहा पिढ्यांनी पिंजरा डासांनी गजबजतो आणि वसाहत बसली म्हणून आपण समाधानाचा श्वास सोडतो. पण आता त्या पिंजऱ्यात उरलेले डास गावातले नसतात. कोंडीत जमवून घेणारे तेवढे आपण निवडलेले असतात, आणि हे आपल्या नकळत घडलेलं असतं. औषधाची मात्रा तपासायला असे डास चालतील. त्यांच्या नराला शिवारात नेऊन जंगली मादीशी गाठ घालायची असेल तर चालतील का?

कॅलिफोर्नियात क्युलेक्स टार्सॅलिसवर नेमका हाच अनुभव आला. वसाहतीतले वांझ केलेले नर पिंजऱ्यात जोमाने संग करत, बाहेर सोडल्यावर जंगली माद्यांशी त्यांची गाठ फारशी पडेना. लाहोरजवळच्या खेड्यांत क्युलिसिफॅसिसचे नर सोडले, तिथेही नराची चढाओढीची ताकद कमी पडली. दोन्ही ठिकाणी नर मेलेले नव्हते, आजारीही नव्हते. त्यांना ठिकाण आणि वेळ सापडत नव्हती.

भारतातही हा प्रयत्न मोठ्या प्रमाणावर झाला. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचं केंद्र काढलं. पैसा अमेरिकेच्या भारतात साचलेल्या रुपयांतून आला. दिल्लीभोवतीच्या खेड्यांत रसायनाने वांझ केलेले क्युलेक्सचे नर लाखोंनी सोडले गेले. नरांनी काम केलं, पण शेजारच्या गावांतून आधीच संग झालेल्या माद्या येत राहिल्या आणि फळ हाती लागेना. पुढची तयारी सोनिपतला एडिसवर होती. तोवर १९७४ मध्ये वर्तमानपत्रांतून आरोप झाले की हा परदेशी जैविक युद्धाचा अभ्यास आहे. संसदेच्या समितीने ताशेरे ओढले, आणि १९७५ मध्ये केंद्र बंद झालं. त्या शास्त्रज्ञांनी काय शोधून ठेवलं होतं हे नंतर फार थोड्यांनी वाचलं. चूक एकाच बाजूची होती असं मला वाटत नाही. ज्या गावात डास सोडायचे तिथल्या माणसाला डास कसला, का, आणि तो चावतो की नाही हे त्याच्या भाषेत सांगितलं जायला हवं होतं. नर चावत नाही, एवढं एक वाक्य घरोघर पोचलं असतं तरी फरक पडला असता.

यानंतरची मोठी घटना आपल्या शिवेला लागून घडली. बुलडाण्याला लागून जालना जिल्हा आहे, आणि तिथल्या बदनापूर तालुक्यात दावलवाडीला जीबीआयटी ही संस्था आहे, महिको या बियाणे कंपनीच्या बारवाले परिवाराशी निगडित. इंग्लंडच्या ऑक्सिटेक कंपनीचे जनुक बदललेले एडिस तिथे आणले गेले. या नराशी संग झालेल्या मादीची पिल्लं, टेट्रासायक्लीन हे औषध न मिळाल्यास, मोठी होण्याआधी मरतात. शिवाय त्यांच्यात लाल चमकणारी खूण घातलेली असते, त्यामुळे कुठली अळी कुणाची हे सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. दावलवाडीच्या संशोधकांनी सर्वांत आधी विचारलेला प्रश्न संगाचाच होता: हा परका नर भारतीय जंगली नराशी चढाओढ करू शकतो का, आणि भारतीय मादी त्याला स्वीकारते का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचं उत्तर होतं, हो, करू शकतो. जानेवारी २०१७ मध्ये तिथेच उघड्यावरच्या मोठ्या जाळीदार पिंजऱ्यांत चाचण्या जाहीर झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: नर सतत सोडत राहिल्यावर जाळीतली वसाहत संपली. जाळीबाहेर मात्र हे काम गेलं नाही. जाळीच्या आत बाहेरून संग झालेली मादी येत नाही, हे दिल्लीचा धडा आठवणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पण आधी चढाओढ मोजायची, मग पिंजरा मोठा करायचा, मग पुढचं बोलायचं, हा क्रम त्यांनी पाळला, आणि तो बरोबर होता.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा विषय वाटतो तितका परका नाही. २००२ साली महिकोच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हापासून बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचं वेगळं बी येऊ लागलं. त्यामागची कल्पना संगाचीच आहे: साध्या झाडांवर वाढलेल्या, बीटीने मरणाऱ्या पतंगांनी टिकून राहिलेल्या पतंगांशी जोडी करावी आणि चिवटपणा पुढच्या पिढीत पातळ व्हावा. ते बी बांधाला लावायचं बहुतेकांनी टाळलं आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते यवतमाळ-अकोल्याने भोगलं. आज अकोटच्या शेतकऱ्याला कामगंध सापळा समजावून सांगावा लागत नाही. मादीच्या वासाने नर बोलावून अडकवायचा, हे तो दर हंगामात करतो. अमेरिकेने तर वांझ पतंग आणि बीटी यांची जोड देऊन २०१८ मध्ये आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. बोंडअळीचा नर वासाने येतो, डासाचा नर सुराने. बाकी युक्ती एकच. आरोग्य खात्याने डासांविषयी बोलताना कपाशीच्या शेतातून सुरुवात केली तर वऱ्हाडात ते जास्त लवकर पटेल असं माझं मत आहे.

अलीकडे वोल्बाकिया या जिवाणूचा मार्ग पुढे आला आहे. इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया असलेले एडिस सोडले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पुदुच्चेरीच्या रोगवाहक कीटक संशोधन केंद्राने २०२२ मध्ये भारतीय वाणाचे असे डास तयार केल्याचं सांगितलं. त्यासाठी परदेशी वसाहतीतले डास स्थानिक डासांशी पिढ्यान् पिढ्या जोडावे लागले. उद्या असे डास अमरावतीत आणायचे ठरलं, तर पुदुच्चेरीच्या दमट हवेतला नर आपल्या एप्रिलमध्ये टिकेल का, हे इथेच तपासावं लागेल. दुसरं कुणी ते आपल्यासाठी करून देणार नाही.

म्हणूनच हे पुस्तक अमरावती-अकोल्याच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडावं असं मला मनापासून वाटतं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात प्रयोगशाळा असलेली कितीतरी महाविद्यालयं आहेत. मलमलीचा पिंजरा आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर यातले निम्मे प्रयोग होतात. खरी अडचण हवेची आहे. डासांना सत्तावीस अंशांच्या आसपास उष्णता आणि ऐंशी टक्के आर्द्रता लागते, आणि आपल्या मे महिन्यात खोलीतली हवा हाडासारखी कोरडी असते. त्यात वीज गेली की दोन तासांत वसाहत आडवी. पुस्तकात ओल्या पोत्यांची आणि मातीच्या कुंड्यांची जी सोय सुचवली आहे ती चालण्यासारखी आहे. क्युलेक्सवर लेखकाने आणखी लिहायला हवं होतं, अशी माझी तक्रार आहे. अमरावतीच्या नाल्यांवर सर्वांत जास्त तोच आहे, आणि त्याचे थवे पाहायला तर गच्चीवर जाण्यापलीकडे काही करावं लागत नाही. दुसऱ्या आवृत्तीत ती उणीव भरून निघावी.

वाचकाला एक व्यावहारिक सूचना करतो. वसाहत सुरू कराल त्या दिवसापासून पिंजऱ्याला वही लावा. डास कुठल्या गावचे, कुठल्या भांड्यातले, कुठल्या महिन्यातले, ते लिहा. प्रत्येक पिढीचा क्रमांक लिहा. दर पिढीत थोड्या माद्या फोडून कोश भरलेले किती, रिकामे किती, हे लिहा. पहिल्या आणि दहाव्या पिढीचे आकडे शेजारी मांडा. दरवर्षी पावसाळ्यानंतर गावातून नवे डास आणून जुन्यांत मिसळा आणि मिसळल्याची तारीखही लिहा. पिंजरा नीट बंद ठेवा, दुसऱ्या जिल्ह्यातले डास इथे सोडू नका, आणि ज्या घरच्या रांजणातून अळ्या आणल्या त्या घरी परत जाऊन काय दिसलं ते सांगा.